रुखवतातली दमणी

कारंजा,
ता. १० फेब्रुवारी १९३६

तीर्थरूप दादांचे चरणी चंपतचा साष्टांग नमस्कार. इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी.

चि. विजयमालेच्या रुखवतात मांडाले लहानी दमणी कोरली आहे, खऱ्या बैलगाडीसारखी. चाकं, आस, साटी, जू असे सुटे भाग लखीराम गाडीवाल्याजवळ धाडतो. घरी सीताबाईचे दिवस भरत आले, म्हणून लग्नाले माह्यानं येणं होत नाही. तुमालेच जोडा लागते. आधी कोरीच जोडा, चाकं फिरवून पाहा, मंग सोडून रंगवा. आस अन् चाकाचं भोक मात्र कोरंच ठेवा. तिथं रंग बसला तर चाक चढत नाही, अन् ठोकलं तर फुटते. तुमची घाई मले ठाऊक आहे. हळद लागाच्या अगोदर नवरीले न्हाऊ घालणारे तुमी!

लोभ आहेच, तो लग्नाच्या गडबडीत आटू देऊ नका.
तुमचा
चंपत

जऊळका,
ता. १७ फेब्रुवारी

चि. चंपत यास अनेक आशीर्वाद.

दमणी पोचली. नक्षी पाहून तुही वहिनी दारोदार दाखवत हिंडली. पण तुहं ते जोडा, सोडा, मंग रंगवा काही मले पटलं नाही. एक काम दोनदा कायले करा? जोडल्यावर चाकाच्या आऱ्यांमंदी कुंचला जात नाही, म्हणून मी आधीच सगळे भाग रंगवून टाकले. कोरा असा एक कोपरा ठेवला नाही. लाकूड काय अर्धं नागडं ठेवाचं? जवसाच्या तेलात कालवलेला लाल रंग चांगला जाड दिला, असा चमकते का बस! वाळला का जोडतो. तू आपला बायकोकडे लक्ष दे, बाप्पा.

घरी सर्वांस आशीर्वाद सांग, अन् दादा हट्टी म्हणून माया कमी करू नको.
भगवंतराव

जऊळका,
ता. ३० मार्च

चि. चंपत यास अनेक आशीर्वाद. मुलगा झाल्याचं कळलं, लय आनंद झाला.

लग्न साजरं झालं. दमणीचं तेवढं बिनसलं. चाक आसावर चढेना, मी जरा ठोकलं तर मधातून तडकलं. तसंच रुखवतात मांडलं. व्याही उकंडराव कौतुकानं हात लावाले गेले अन् चाक त्यांच्या हातात आलं. सारा मांडव हसला. कोणाची ही कारागिरी, असं त्यांनी विचारलं. माह्या तोंडून निघून गेलं, का भावाची. भोक लहान पडलं त्याच्याकडून. तू मनावर घेऊ नको, हसण्यावारी गेलं ते.

आता अखजीले, अक्षय्य तृतीयेच्या सणाले, पोरीले पहिल्यांदा माहेरी आणाचं आहे. माही कंबर धरली. मानोरा तुले जवळ पडते, तू जाऊन घेऊन ये.

माया आहे तशीच राहू दे.
भगवंतराव

कारंजा,
ता. ५ एप्रिल

तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार.

पत्र पावलं. भोक लहान पडलं असं तुमी म्हणता, तर पडलं असंल. पण मले मानोऱ्याले धाडू नका. व्याही पुन्हा विचारतील. होय म्हणावं तर माहा हात खोटा ठरते, नाही म्हणावं तर तुमी खोटे ठरता. बाजारात मानोऱ्याचे लोक भेटले का मले फुटक्या चाकाचा कारागीर म्हणून हाका मारतात, अन् मी गल्ली बदलतो. लाज वाटते, दादा. दुसरं कोणी पाहा.

राग धरू नका, पायाशी जागा असू द्या.
चंपत

मानोरा,
ता. १२ एप्रिल

तीर्थरूप काकांस विजयमालेचा शिरसाष्टांग नमस्कार.

इथल्या जावा अखजीसाठी आपापल्या माहेरी निघून राह्यल्या. सासूबाई रोज विचारतात, तुह्याकडचं कोणी येऊन राह्यलं का नाही? मी चुलीकडे तोंड करते. तुमी येणार नाही, असं आईनं कळवलं.

काका, बाबा चाक ठोकत होते तवा मी हळदीच्या अंगानं मागच्या खोलीत बसली होती. आई म्हणत होती, का रंग आत गेला आहे, राहू द्या. बाबांनी तिले गप्प केलं. मले सगळं माहीत आहे, मंग तुमी कायले लाजता? या. नाही आले तर साऱ्या घरात मी एकटी सून मागं राहीन.

पुतणीची आठवण असू द्या.
विजयमाला

कारंजा,
ता. १७ एप्रिल

तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार.

पोरीचं पत्र आलं अन् मले राहावलं नाही. मानोऱ्याले जाऊन आलो. उकंडरावांनी पाणी दिलं अन् हसत विचारलं, का भोक काहून लहान पडलं? हात चुकला माहा, असं मी सांगतलं. तुमचा मान राह्यला, दादा. पण विजयमाला दाराआड उभी होती. सगळ्या वाटेनं पोरगी माह्याशी बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, का काका, तुमीही खोटंच बोलले.

ती इथंच आहे. बाबा मानोऱ्याले जाऊन खरं सांगत नाहीत तवर जऊळक्याचा उंबरा चढणार नाही म्हणते. राग अगदी तुमचा उचलला तिनं! खोटं बोलताना लाज नाही वाटली. पोरीनं ते ऐकलं, त्याची वाटते.

काय कराचं ते तुमीच ठरवा. दोघांवर माया असू द्या.
चंपत

मानोरा,
ता. २३ एप्रिल

चि. चंपत यास आशीर्वाद.

उकंडरावांच्या ओसरीत बसून लिहून राह्यलो. कंबर काही एवढी धरली नव्हती. ह्या लोकांपुढं येण्याची मलेच लाज वाटे, म्हणून तुले पुढं करत होतो. आज घरादारासमोर सांगतलं, का भावानं बजावलं होतं, रंग मी चोपडला, ठोकलं मी, अन् नाव भावाचं घेतलं. कोणी हसलं नाही रे. हसले असते तर बरं झालं असतं. विहीणबाईनं ताट वाढलं.

हे पत्र आजच निघणाऱ्या गाडीवाल्याजवळ देतो. उद्या अखजी, मी सकाळी कारंज्याले पोचतो. पोरीले सांग, बाप मानोऱ्याहून येऊन राह्यला. अन् तू लगेच समोर येऊ नको. मले आधी हातपाय धुऊ दे.

लोभ ठेव असं लिहाची हिंमत होत नाही. तरी ठेव.
भगवंत