तीन मिनिटांची हॉकी

अहो,

११.२० ला कळा सुरू झाल्या. तारखेला अजून चार आठवडे आहेत. सकाळी पोटात दुखलं तेव्हा तुम्ही गॅस म्हणालात. गॅस नाही. फोनला रेंज नाही. भीती वाटू नये म्हणून तुमच्या जुन्या व्हिडिओ गेमची खेळांची कॅसेट लावली. टेनिस, धावणं सोडून हॉकी घेतली, कारण तिची मॅच बरोबर तीन मिनिटांची. आधी चार मॅचनंतर कळ यायची, मग दोन.

शेजारची सुंदरीअक्का ओरडतेय, "गेम ऱ्हाऊ दे गं, जीप आली हाय!"

मागच्या खेपेला संध्याकाळपर्यंत तुमची वाट पाहिली, आणि दुपटी कोरीच परत आणली. या खेपेला पाहणार नाही. चिठ्ठी वाचताच जोयड्याच्या दवाखान्यात या. दुपटी मी घेत नाही. येताना तुम्ही आणा.

१.५०. याच मॅचमध्ये दुसरी कळ.

रक्षा