माहेरी आलेल्या बाईचं नाव

प्रिय ताई,
आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी येऊन परत न गेलेल्या साऱ्या लेकींनो,

तुमची तक्रार एकच. सासरच्या नर्सबाईच्या वहीत ‘माहेरी गेली’, माहेरच्या वहीत नावच नाही. दोन गावं, दोन नर्सबाई, आणि बीपी तपासायला कुणीच नाही!

ताई, इतकी वर्षं तुला लिहायचं धाडस झालं नाही. आज लिहितोय, कारण काल मोताळ्याच्या आशाताईंचा, म्हणजे तिथल्या आशा सेविकेचा, फोन आला. “भाऊ, तुमच्या यादीत ते साखरखेर्ड्याची सून निघाली होती ना, आमच्या गावाले माहेरी आलेली? बीपी लई वाढलं होतं तिचं. बुलढाण्याले नेलं. पोरगी झाली. दोघीबी चांगल्या हायेत!” मी जिन्यातच बसलो. किती वर्षांनी छातीभर श्वास घेतला!

मी बायोटेक्नॉलॉजीला गेलो तेव्हा तू किती चिडवायचीस! “त्या काचेच्या नळीत काय पाहून राह्यला बे? माणसं बाहेर हायेत!” मी म्हणायचो, “तुले काय समजते?”

आठव्या महिन्यात तू घरी आलीस. पाय सुजलेले. “डोकं लई ठणकून राह्यलं रे,” म्हणालीस. मी पुस्तकातून मान वर न करता म्हणालो, “नर्सबाई येईलच ना.” कशी येणार? तू आपल्या घरी आहेस, हेच तिला ठाऊक नव्हतं. आणि तू तरी काऊन गप्प राहिलीस गं? पुस्तक हिसकावून घ्यायचं होतंस माझ्या हातातून! तिसऱ्या दिवशी वाढलेल्या बीपीनं तुला झटके आले. तू गेलीस, पोटातलं बाळही गेलं.

रागानं मी नळ्या सोडल्या आणि डेटा सायन्स शिकलो. सर म्हणाले, “चांगलं करिअर वाया घालवतोस.” घालवलं! गावोगावच्या वह्या संगणकावर एकमेकींशी जुळवल्या. एकीकडे ‘माहेरी गेली’ आणि माहेरचं गाव लिहिलं की त्या गावच्या आशाताईंकडे नाव पोचतं. एवढंच. बाई कुणाच्या घरची, हे सगळेच लिहीत होते. आज ती झोपते कुठे, हे कुणी विचारतच नव्हतं!

अपराध पुसला गेला असं म्हणणार नाही. पण हलकं वाटतंय, ताई. खरंच हलकं वाटतंय.

तरी जिचं माहेर कुणी लिहिलंच नाही, ती अजून निसटते. म्हणून वचन देतो. हे पत्र मी दर आठवडी बाजारात उभा राहून वाचीन. ऐकणाऱ्यांनो, लेक माहेरी आली की चहा ठेवायच्या आधी आशाताईंना बोलवा आणि तिचं नाव आपल्या गावच्या वहीत लिहून घ्या!

तुझा धाकटा,
विनय