नावावरची पट्टी

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली
रविवार, २४ नोव्हेंबर १९९६

प्रिय साकेत,

माझ्या हातचं पत्र बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे आणि माझं ब्लडप्रेशर जिथे होतं तिथेच आहे. फोन केला असता, पण आपला फोन बैठकीत आणि आई सदा त्याच्या हातभर अंतरावर. शिवाय तू फोनवर ‘अच्छा बाबा, बिल्कुल बाबा’ म्हणत राहतोस आणि माझं बोलणं अर्ध्यातच संपतं. आत्ता ती शेजारच्या अलकावहिनींबरोबर सरोजिनी मार्केटला पडद्याचं कापड बघायला गेली आहे, तेवढ्यात लिहायला बसलोय. पडदे तुझ्या खोलीचे आहेत. तू कायमचा परत येतोयस असं ती धरून चालली आहे, आणि ते तिला मीच सांगितलंय.

गणपतीत तू लंडनहून आठ दिवस येऊन गेलास. ऑफिसचं काम आहे म्हणालास. दुसऱ्याच दिवशी जेवताना तू मला एक प्रश्न विचारलास. एकच स्पोर्ट्स कार, त्याच कारखान्यातली, तोच रंग, तेच इंजिन. मग जर्मनीत तिची किंमत एक, अमेरिकेत दुसरी, सिंगापुरात तिसरी आणि आपल्याकडे डोळे पांढरे होतील अशी, हे का? साकेत, चौतीस वर्षं मी कस्टम्समध्ये परदेशी मालाच्या किमती ठरवतोय. एवढ्या वर्षांत घरातल्या कुणी माझ्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. तुझ्या आईच्या लेखी मी रोज पेट्या उघडायला जातो. मी इतका खूश झालो की हात वाळेपर्यंत ताटावरून उठलो नाही.

ताटातली अळूवडी उचलूनच मी सुरुवात केली होती. गावाकडे हे अळू न्हाणीच्या पाण्यावर फुकट माजतं. इथे आयएनए मार्केटात चार पानांची जुडी घ्यायची तर आई आधी दोन फेऱ्या मारून भाव करते. पान तेच. लोकांना वाटतं, कारखान्यातून निघताना गाडीची एक खरी किंमत असते आणि मग देशोदेशी तिच्यावर कर चढतात. हे अर्धंच खरं. कारखानदार आधी गिऱ्हाइकाचं तोंड बघतो. अमेरिकेत तिच्या तोडीच्या दहा गाड्या शेजारी उभ्या असतात आणि खप दांडगा, म्हणून तिथे तो नमतं घेतो. इंग्लंडात स्टिअरिंग उजवीकडे लागतं. समुद्रापलीकडे स्वस्त मिळाली तरी डावीकडची गाडी कोण आणणार, हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तिथे तो ताठ. सिंगापुरात गाडीआधी गाडी बाळगण्याची परवानगी विकत घ्यावी लागते आणि कधी कधी तीच गाडीएवढी महाग पडते. आपल्याकडे जहाजाचं भाडं, विमा, त्या सगळ्यावर जकात, आणि एवढं करूनही परवान्याशिवाय नवी गाडी आणता येतच नाही. उदारीकरण झालं, चॅनेलं वाढली, पण हे दार अजून किलकिलंच आहे. जी वस्तू सरळ आणता येत नाही तिची किंमत शेवटी हौस ठरवते, आणि दिल्लीच्या हौसेला मोल नाही.

फट एकच. परदेशात राहिलेला माणूस कायमचा परत येत असेल, तर वर्षभर वापरलेली स्वतःची एक गाडी त्याला जकात भरून आणता येते. जुनी म्हणून तिच्या किमतीत थोडी घटही मिळते. हे तू माझ्याकडून दोनदा वदवून घेतलंस. कायमचा म्हणजे किती, असंही विचारलंस. मी हसून म्हणालो, कायमचा म्हणजे कायमचा. तू आईकडे आणखी एक वडी मागितलीस आणि संध्याकाळी गुडगावला मित्राकडे जातो म्हणून गेलास.

माझी एक खोड तुला ठाऊक नाही. फाइल आली की मी मालकाच्या नावावर जाड कागदाची पट्टी टाचून ठेवतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका बड्या माणसाचं नाव वाचून माझा हात ढिला पडला होता, त्याची लाज अजून वाटते. तेव्हापासून आधी वस्तू, मग माणूस. ऑफिसातली पोरं हसतात, हसोत. तर दिवाळी झाल्यावर मंगळवारी एक फाइल आली. इंग्लंडहून आलेली जर्मन स्पोर्ट्स कार. आमच्या हाताखालच्या उल्हासला घेऊन गोदामात बघायला गेलो. लाल, दोन दारांची, इतकी बसकी की आत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. इंजिनाचा नंबर ताडून पाहिला, कॅटलॉगातली किंमत काढली, घट वजा केली, भाडं आणि विमा मिळवला. माझं काम चोख होतं. मग पट्टी काढली. खाली नाव होतं साकेत मुरलीधर खांबेटे.

त्याखाली प्रतिज्ञापत्र होतं, की मी कायमच्या वास्तव्यासाठी भारतात परत आलो आहे. त्याखाली तुझी सही, शेवटी शेपूट ओढलेली. पुढच्याच पानावर पासपोर्टाच्या तारखा होत्या. त्या मी बघितल्या नाहीत. नव्या पोरांना मी घसा फोडून सांगत असतो की प्रतिज्ञापत्र वाचून पाघळायचं नाही, आधी तारखा बघायच्या. आणि मीच त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, स्कूटरला किक मारून घरी आलो. आई उरलेल्या चकल्या डब्यात भरत होती. मी दारातूनच सांगितलं की साकेत परत येतोय, कायमचा, गाडी पुढे आली आहे. ती खालीच बसली. म्हणाली, गाडीबिडी कशाला, तो आला म्हणजे झालं. मग डोळे पुसून तिनं मला तंबी दिली: पोराला आपल्याला चकित करायचंय, तेव्हा फोनवर काही दाखवायचं नाही. परवाच्या फोनवर ती उगाचच हसत होती ना, त्याचं कारण हे. चौतीस वर्षांत कागद घरी नेला नव्हता, बातमी नेली. त्याचं फळ भोगतोय.

मार्चअखेर मी निवृत्त होतोय, क्वार्टर सोडावं लागेल. गुडगावच्या सोसायटीतला आपला फ्लॅट तू बघितलाच नाहीस. मोहरीच्या शेतात सहा मजले उभे राहिले आहेत, लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. मागची छोटी खोली देवांसाठी आणि माझ्या पुस्तकांसाठी ठरली होती. मंगळवारपासून ती तुझी झाली. देव आता स्वयंपाकघरात, पुस्तकं पलंगाखाली. आईनं तुझं टेबल कुठे राहील ते भिंतीवर खडूनं आखून ठेवलंय. महाराष्ट्र मंडळात बातमी फिरवून झाली आहे. पाच वर्षं ती लोकांना सांगत होती की तिकडे फार काम असतं त्याला. आता ती तुझ्याबद्दल वेगळ्याच आवाजात बोलते, आणि तो आवाज ऐकला की मी चष्मा पुसायला लागतो.

कारण बुधवारी ती गाडी कस्टम्समधून सोडवून घेणारा क्लिअरिंग एजंट माझ्याकडे आला. मिठाईचा डबा घेऊन आला होता, तो मी परत केला. खुर्ची ओढून बसला आणि खुशीत म्हणाला, “साहब, आप तो घर के आदमी निकले. लड़के को आना थोड़े ही है, बस नाम उसका है.” गाडी गुडगावच्या एका बिल्डरची आहे. लंडनमध्ये वर्षभर ती तुझ्या नावावर ठेवली, म्हणजे हे वर्षभर शिजत होतं. तुझ्या सहीबद्दल तुला काय मिळणार तेही त्यानं सांगितलं, तिकडे घर घ्यायला उपयोगी पडेल म्हणाला. आकडा इथे लिहीत नाही. तो गेल्यावर मी पासपोर्टाचं पान उघडलं. आलेली तारीख होती, आणि गेलेलीही. तू विचारलेल्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मला तेव्हा मिळालं. तिथल्या आणि इथल्या किमतीमध्ये जे अंतर असतं, त्यात जहाज असतं, विमा असतो, जकात असते आणि एखाद्याचा मुलगा असतो.

मी रागावलो असतो तर बरं झालं असतं. रागाला ताकद लागते. नुसतं थकायला झालंय. तुला घर हवं होतं तर मागायचं होतंस. माझ्याकडे देण्यासारखं फार नव्हतं, हे तुला माहीत होतं म्हणून मागितलं नसशील. माझ्या ताटाशी बसून माझ्याकडूनच फट विचारून घेतलीस, हे मात्र लागलं. एवढ्या कौतुकानं मी कुणालाच कधी काही सांगितलं नव्हतं रे.

खरं तेही सांगतो. फाइल तीन दिवस मी खणात ठेवली. निवृत्तीला चार महिने उरले आहेत, मी सही केली असती तर कुणी विचारलं नसतं. आणि मोह पैशाचा नव्हता. ती फाइल पास झाली असती, तर निदान सरकारी कागदावर तरी तू परत आला असतास. हा विचार मी तीन दिवस केला, एवढं तुला माहीत असू दे.

काल फाइल वर पाठवली. हे प्रकरण माझ्याकडे नको, प्रतिज्ञापत्र खोटं आहे, अशी नोंद केली. नोंदीत माहितीचा आधार लिहावा लागतो. तिथे लिहिलं, ‘प्रतिज्ञापत्र करणारा माझा मुलगा आहे. तो परत आलेला नाही आणि त्याचा परत येण्याचा इरादा नाही.’ हजारो नोंदी केल्या असतील, या दोन ओळींना तीन कागद फाडले. महिन्याभरात तुला नोटीस येईल. वकिलामार्फत उत्तर देता येतं, तो एजंट तुला तेच सुचवेल. तू ऐकू नकोस. स्वतः ये आणि खरं काय ते सांग. दंड होईल, तो आपण दोघं मिळून बघू. पण हे पत्र त्याच्यासाठी लिहिलेलं नाही, ते नोटिशीनं कळलंच असतं. लिहिलं ते आईसाठी. तू येतोयस हे तिला दारातूनच सांगितलं होतं. येत नाहीस, हे मी सरकारला लिहून दिलं, पण घरात सांगायला माझी जीभ उचलत नाही. आत्ता जिन्यात तिचा आवाज येतोय, कापड मिळालेलं दिसतंय. ती लाल गाडी परत पाठवायची की जप्त करायची, ते साहेब लोक ठरवतील. खोलीचं काय करायचं ते तू ये आणि तिला तुझ्या तोंडानं सांग.

तुझाच, आणि आता फाइलवरही तुझा बाप म्हणून नोंदलेला,
मुरलीधर