तिसऱ्या ओळीतला कोमल सूर

लाइपझिग, ३ फेब्रुवारी १९०८

ती. हेडविगताईस,
सा. न. वि. वि.

तू विणलेले हातमोजे पोचले. एक जरा मोठा झालाय, पण थंडीला नखरे चालत नाहीत.

कै. राइन्श यांच्या पियानो-सोनाटाची नवी आवृत्ती संपादनासाठी माझ्याकडे आली आहे, हे तुला ठाऊकच आहे. आता त्यांचं मूळ हस्तलिखितही हाती आलं. १८५६ची पहिली छापील प्रत शेजारी ठेवून, भिंग घेऊन एकेक सूर ताडून पाहतोय. आतापर्यंत एक्केचाळीस फरक निघाले. त्यातला एक तुझा आहे. संथ भागात दुसऱ्या पानावर तिसऱ्या ओळीत छापील प्रतीत शुद्ध सूर आहे, पण हस्तलिखितात त्याच्याआधी राइन्श यांच्या हातची कोमलाची खूण आहे. तू लहानपणी हट्टानं वाजवायचीस तोच! बोट गेलं, पण कान खरा ठरला म्हणायचा. पपांना सांग, त्यांना गंमत वाटेल.

प्रकृतीला जप. लोभ आहे, त्यात घट नसावी.
तुझा,
लोथार

नाउमबुर्ग, ९ फेब्रुवारी

चि. लोथारास,
अ. उ. आ.

पपांची डावी बाजू अजून तशीच लुळी आहे. दिवसातून चारदा कुशीवर वळवावं लागतं. रव्याची पातळ लापशी तेवढी जाते. बोलणं तोतरं झालंय, पण डोकं लख्ख आहे; मीठ कमी पडलं की लगेच कळतं.

बोट आपोआप गेलं नाही, लोथार. तू तीन वर्षांचा होतास, म्हणून सांगते. पहिल्या पानावर तोच सूर कोमल येतो, मग इथे शुद्ध कसा, एवढंच मी विचारलं होतं. पपांनी पियानोचं झाकण माझ्या हातावर आदळलं. मी पुन्हा कोमलच वाजवला, तेव्हा पुन्हा आदळलं आणि बोट तुटलं. त्यानंतर पियानो तुझा झाला आणि स्वयंपाकघर माझं.

एक काम कर. पपा तरुणपणी ती पहिली प्रत छापणाऱ्या प्रकाशकाकडेच प्रुफं तपासायचे. हा सोनाटा माझ्या हातून गेलाय, असं ते पाहुण्यांना किती वेळा सांगायचे! ती प्रुफं कुठे असतील तर शोध.

जेवणाची आबाळ करू नकोस. आठवण ठेव, एवढंच.
तुझी ताई,
हेडविग

लाइपझिग, २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रुफं सापडली. प्रकाशकाच्या तळघरात होती. सापडली नसती तर बरं झालं असतं.

त्या ओळीपाशी समासात राइन्श यांनी तांबड्या पेन्सिलीनं लिहिलंय की कोमलाची खूण राहिली, घालावी. त्यावर शाईनं काट मारलेली आहे आणि खाली पपांचं अक्षर आहे: ‘नको. कानाला चूक वाटते.’ राइन्श तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. पुढची प्रुफं त्यांच्याकडे गेलीच नाहीत, आणि महिन्याभरात ते वारले.

ताई, हे मी छापणार नाही. ईस्टरच्या आधी माझ्या प्राध्यापकपदाचा निकाल आहे, आणि आवृत्ती पपांच्या चरणी अर्पण केलेली आहे. टिपेत एवढंच लिहीन की हस्तलिखितात कोमल, छापील प्रतीत शुद्ध, दोन्ही ग्राह्य. पपांना यातलं काही सांगू नकोस. ऐंशीला टेकलेल्या माणसाला आता काय त्रास द्यायचा?

तू समजून घेशील, या भरवशावर,
लोथार

नाउमबुर्ग, १५ मार्च

चि. लोथारास,
अ. उ. आ.

मी सांगितलं. लापशी भरवताना सांगितलं, म्हणजे त्यांना तोंड फिरवता येऊ नये. तांबडी पेन्सिल, शाईची काट, सगळं. त्यांनी घास गिळला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, “तुझा कान माझ्यापेक्षा चांगला होता. मला त्याच दिवशी कळलं.” मग अजून लापशी मागितली.

मी दिली. तोंड पुसलं. मग त्यांची चाकांची खुर्ची पियानोपाशी नेली, त्यांचा चांगला कान पियानोकडे येईल अशी, आणि चाकं अडकवून टाकली. नऊ बोटांनी संथ भाग वाजवला. त्या ओळीशी आले की थांबते, तो सूर पुन्हा पुन्हा वाजवते. आता रोज सकाळ-दुपार-संध्याकाळ हेच. ते रडतात. डोळे पुसायला आता उजवा हातही उचलत नाही, म्हणून ते मी पुसते. शेजारच्या क्लोट्श बाई म्हणाल्या, म्हातारा भाग्यवान, लेक औषधासारखं संगीत देते.

थंडी-खोकला नाही ना? कळव.
ताई

लाइपझिग, २८ मार्च

ती. ताईस,
सा. न.

हे थांबव. याला सेवा म्हणत नाहीत, छळ म्हणतात. त्यांनी तुझं वाईट केलं असेल, पण ते आपले वडील आहेत, आणि मला जे काही मिळालं ते त्यांच्यामुळेच. आवृत्ती छापून आली, प्रत सोबत पाठवतोय. पद मिळालं. चौदा एप्रिलला माझं पहिलं व्याख्यान आहे. अर्पणपत्रिका त्यांना वाचून दाखव, तेवढं तरी सुख दे.

रागावू नकोस.
लोथार

नाउमबुर्ग, १६ एप्रिल

चि. लोथारास,
अ. उ. आ.

पदाबद्दल अभिनंदन. पपा अकरा तारखेला गेले. चौदाला सकाळी पुरलं. तार केली नाही, तुझं व्याख्यान होतं.

तू सांगितल्याप्रमाणे दहा तारखेला अर्पणपत्रिका वाचून दाखवली. ऐकून त्यांनी डोळे मिटले. मग टीप वाचली: दोन्ही ग्राह्य. तेव्हा ते हसले. घशातून घरघर येईपर्यंत हसले. का हसता, म्हणून मी विचारलं. ते जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, कारण हस्तलिखिताशी इमान राखायला तूच शिकवलंस. म्हणाले, “लोथारला फरक ऐकूच येत नाही. म्हणून तर त्याला शिकवलं.”

ते त्यांचे शेवटचे शब्द.

पियानो कालच विकला. तुझी आवृत्ती मी ठेवून घेतली आहे, छपाई सुबक आहे. इकडे यायची घाई करू नकोस, आता कुणी वाट पाहत नाही. लोभ होता तेवढा आहे.

तुझी ताई,
हेडविग