क्लाइव्हची आपोआप बिलं

हर्वी बे, क्वीन्सलंड
६ फेब्रुवारी २०२४

ती. नोलीनताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फेब्रुवारीच्या भर उन्हाळ्यात तिकडे समुद्रापलीकडे, पार दक्षिणेला रिव्हर्टनला तू शेकोटी पेटवलीस हे वाचून मी इथे पंख्याखाली बसून कुडकुडलो. विजेचं बिल भरायला पाऊण तास रांगेत उभी राहिलीस आणि तरी एक दिवस उशीर झाला म्हणून दंड बसला, हेही वाचलं. ताई, सत्त्याहत्तराव्या वर्षी हे हवंय कशाला? माझ्याकडे बघ. वीज, फोन, विमा, सगळं मी कार्डाला जोडून टाकलंय. ज्या त्या तारखेला पैसे आपोआप जातात. चार वर्षांत एका सेंटाचा दंड नाही. माझी मॉरीन वारली तेव्हा, दफनाच्या दिवशी, याला साधं बिल भरायला जमणार नाही, असं तू सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाली होतीस. विसरलेलो नाही मी.

बाकी क्षेम. गेल्या आठवड्यात धक्क्यावर गळ टाकताना पाकीट समुद्रात पडलं. बँकेनं जुनं कार्ड रद्द करून लगेच नवं पाठवलं. नवा नंबर, नवी चकाकी. काम फत्ते.

गुडघे सांभाळ. रांगेत उभं न राहता जेवढा लोभ करता येईल तेवढा कर.

तुझा,
क्लाइव्ह

---

रिव्हर्टन
२० मार्च २०२४

चि. क्लाइव्ह यास,
अ. उ. आ. त्यातला दीर्घायुष्याचा विशेष, कारण तू जिवंत आहेस की नाही याची मला खात्री नाही.

तीन रविवार तुला फोन लावतेय. हा नंबर सेवेत नाही, असं एक बाई फार गोड आवाजात सांगते. पहिल्या रविवारी वाटलं, मासे धरायला गेला असशील. दुसऱ्या रविवारी मी तिच्याशी भांडले. ती बाई म्हणजे मशीन आहे हे शेजारच्या डोरीननं सांगेपर्यंत माझे बरेच शब्द वाया गेले होते.

आता खरी गोष्ट. इथल्या जवळच्या इन्व्हरकार्गिल शहरातल्या एका गोदामवाल्यांचं पत्र आलंय, माझ्या नावानं. तुझी तिथे म्हणे सामान ठेवायची एकेचाळीस नंबरची भाड्याची खोली आहे. दोन महिने भाडं आलं नाही, दोनदा दंड चढला, ईमेलला उत्तर नाही, म्हणून त्यांनी दारावर स्वतःचं कुलूप घातलंय. ९ एप्रिलला आतल्या सामानाचा लिलाव. तू पत्ता देताना अडीअडचणीचं माणूस म्हणून माझं नाव लिहिलं होतंस, हे मला आज कळतंय.

तू तर इथलं घर विकून तिकडे जाताना सगळं सामान चर्चच्या दुकानाला दिलं म्हणून सांगितलंस. मग खोलीत आहे काय? बाई असेल तर तीही सांग, मला धक्का बसणार नाही.

पत्र जलद टपालानं टाकतेय. त्याचे पैसे तुझ्या नावावर मांडलेत. जीव असेल तर लिही.

काळजीत असलेली,
नोलीन

---

हर्वी बे
३० मार्च २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आणि कान धरून.

जिवंत आहे. सगळी बिलं जुन्या कार्डाला जोडलेली होती. ते रद्द झालं, आणि नवा नंबर प्रत्येक ठिकाणी आपण स्वतः कळवायचा असतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, बँक सांगेल. फोन तुटला. विमा लटकला. वीजवाल्यांनी दारावर लाल चिठ्ठी चिकटवली तेव्हा कुठे मी ईमेल उघडली. एकोणचाळीस इशारे होते. मी त्यांना जाहिराती समजत होतो.

तुझं पत्र येताच बोलिंग क्लबमधून तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू, माझ्या भावाचा आवाज काढणाऱ्या लबाडा, पोलिसात देईन, म्हणून ठेवून दिलास. गोदामात लावला तर नव्या कार्डासाठी खात्याचा परवलीचा शब्द मागतात. तो मॉरीनच्या नावावरून काहीतरी ठेवला होता, नेमका आठवत नाही.

तेव्हा आता तूच. रोख घेऊन जा, मी बँकेतून लगेच पाठवतो. लिलाव थांबव. आणि ताई, दार उघडू नकोस. बाई नाहीये. पण उघडू नकोस.

रागावलीस तरी लोभ बंद करू नकोस, एवढी विनंती.

क्लाइव्ह

---

रिव्हर्टन
११ एप्रिल २०२४

चि. क्लाइव्हला,
अ. उ. आ. वि. वि. पत्र सात तारखेला मिळालं. आठला डोरीनच्या गाडीतून गेले.

तिथे सीना नावाची सामोअन बाई आहे, चांगली धिप्पाड, बोलायला मऊ. तिनं भाडं घेतलं. दंडाचं मी म्हटलं की चार वर्षं हा माणूस एक दिवस चुकला नाही, आणि चुकला तो बावळटपणानं, बुडवायला नाही. तिनं एक दंड सोडला. बावळटपणाचा रकाना तिच्याकडे नसावा, पण तिला पटलं. विचारलं की मिळतं, क्लाइव्ह. तू विचारत नाहीस.

दार मी उघडलं नाही. सीनानं उघडलं. त्यांचं कुलूप काढल्यावर सामान ठीक आहे अशी सही लागते, म्हणून.

तुमचं स्वयंपाकघर तसंच्या तसं मांडलंयस. टेबल, दोन खुर्च्या, किटली, भिंतीला टेकवलेलं घड्याळसुद्धा. मॉरीनच्या खुर्चीवर तिचं हिरवं कार्डिगन. मी आत जाऊन तुझ्या खुर्चीवर बसले. सीना बाहेर गेली, परत आली ती चहाचे दोन कप घेऊन.

तेवढ्यात लिलावासाठी पाहणी करायला आलेला एक ट्रकवाला डोकावला आणि टेबलाचे किती म्हणून विचारता झाला. मी त्याला काय सांगितलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. सीनाला मात्र आवडलं.

दफनाच्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं. चार वर्षं उशीर झालाय, त्याचा काय दंड असेल तो लाव.

गोदामातली खोली मी रिकामी करून सोडून दिली. सगळं माझ्या घरी मागच्या खोलीत आहे. भाडं नाही, त्यामुळे तारीखही नाही.

आता आशीर्वाद पुरे. ये.

नोलीन

---

हर्वी बे
२२ एप्रिल २०२४

ती. ताई,
सा. न. वि. वि.

फोन सुरू झाला. सगळीकडे नवा नंबर कळवला. बिलांच्या तारखा पेन्शनच्या दुसऱ्या दिवशी घेतल्या, म्हणजे खात्यात पैसे नाहीत असं व्हायला नको. कार्डाची मुदत कधी संपते ते भिंतीवर लिहिलंय. ईमेल रोज सकाळी बघतो. सगळा कचरा असतो, पण बघतो.

तुझं पत्र तीनदा वाचलं.

४ मेचं तिकीट काढलंय. जेवायला चीज रोल कर, भरपूर. कार्डिगन तुला होत असेल तर घाल, तिकडे थंडी पडली असेल. आणि तिच्या खुर्चीवर तू बस. रिकाम्या खुर्चीसमोर जेवायचा मला आता कंटाळा आलाय.

तुझा,
क्लाइव्ह