कपाटाचे आठ पल्ले

३ डिसें.
गिरड गावच्या कपाटाचे आठही पल्ले घासून तयार. गिऱ्हाईक वहिनींना चमक अजिबात नको, मोबाईलवर फोटो दाखवून गेल्यात. लॅकर पॉलिशच्या डब्यावर मॅट, म्हणजे बिनचमकीचं, लिहिलंय, पण लाकडाच्या पट्टीवर मारून पाहिल्याशिवाय मी मानत नाही. संध्याकाळी लॅकर दहा मिनिटं ढवळलं. पट्टी फोटोसारखी आली. पण बुडबुडे फार. ते जिरावेत म्हणून डबा रात्रभर तसाच ठेवला, कुणी हात लावू नका म्हटलं. भाकरीलाही थिनरचा वास. अर्धी टाकली.

४ डिसें.
एकही बुडबुडा नाही. डबा न हलवता वरचं हळूच ओतून घेतलं. सकाळी माझे चार पल्ले झाले. उरलेले चार दुपारनंतर दिलीपकाकांनी त्याच डब्यातून मारले. दुकानातले सगळ्यांत जुने पॉलिशवाले, मला फवारायची गन धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांची गन सारखी तुंबत होती.
"ढवळलं होतं ना रे?"
हो म्हणालो. काल ढवळलं होतंच.

५ डिसें.
माझे चार आरशासारखे. काकांचे पांढुरके, राख चोळल्यासारखे. दुकानाचे मालक सेठजी, त्यांनी माझ्या पल्ल्यात मिशा पाहिल्या. मग काकांना म्हणाले, "दिलीप, डोये गेले तुये. आता घरीच राह्य." काकांनी जेवणाचा डबा, पिशवी घेतली आणि गेले.
मला काहीच बोलले नाहीत. खरं लिहायचं तर थोडं बरंही वाटलं. मागितलं होतं मॅट, म्हणजे चुकले माझेही.

६ डिसें.
वहिनी येऊन गेल्या. आठही नापास.
"हे चार सलूनातल्यावानी चमकून राह्यले, अन् हे पिठात लोळून आले. एकाच कपाटाचे हायेत ना भाऊ?"
सेठजींनी सगळं काकांच्या डोळ्यांवर ढकललं. माझ्या चारांचंही.
त्या गेल्यावर लॅकरचा डबा खरवडला. तळाशी बोटभर पांढरा गाळ, नासक्या दह्यासारखा. चमक मारणारी पूड रात्रीतून खाली बसलेली. वरचं मी घेतलं, गाळ काकांना दिला. कशासाठी, तर बुडबुड्यांसाठी. शिसारी आली. हात तीनदा धुतले.

७ डिसें.
आठही घासून काढले. धुळीने थुंकीसुद्धा पांढरी. नवा डबा, दर पल्ल्याला ढवळून. फोटोसारखे आले. सेठजी म्हणाले, "तुले एकट्याले जमते. म्हाताऱ्याले कायले बोलवायचं?"
मला हे ऐकायचं नव्हतं. मान मात्र हलली.

९ डिसें.
काकांकडे गेलो. काकू उद्या बाजारात विकायला वांगी निवडत होत्या, काका हाताशी बसलेले. सगळं सांगितलं. काकांनी वर पाहिलं नाही.
"मले काऊन सांगून राह्यला? मले तं गन तुंबली तवाच शंका आलती. तू हो म्हणला, म्हून मारलं."
मी तिथेच उभा. बस म्हणाले नाहीत. काकूंनी किडकं वांगं माझ्या पायाशी फेकलं. कचरा तिथेच होता म्हणा.

१० डिसें.
पल्ले गाडीत चढवले आणि सेठजींसमोर जाऊन उभा राहिलो. काकांचे डोळे चांगले आहेत, म्हणालो.
"मंग गेले कोणाचे?"
सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलंगाचं गिऱ्हाईक आलं. "बाहेर बस," म्हणाले.
बाहेर बाकावर बसून हे लिहितोय. ते गिऱ्हाईक आत्ताच गेलं. सेठजी अजून आत एकटेच आहेत. त्यांनी हाक मारलेली नाही.