आईची न्हाणी आणि दोन मशिनी

६ जाने., सोमवार

गवंडी आजही आला नाही. "उद्या नक्की, मॅडम." असे पाच उद्या झाले. आता त्याला फोन करणार नाही. न्हाणीत धरायचे दांडे मीच बसवणार. शेहेचाळीस वर्षांची झेडपीची मास्तरीण, पाचवीच्या पोरांच्या डोक्यात अपूर्णांक घालते; भिंतीला आठ भोकं पाडायला काय होतंय.

आई लातूरला मावशीकडे. खुब्याच्या ऑपरेशनला आज अठरा दिवस. डॉक्टरांनी बजावलंय: वॉकरवर चालेल, पण संडास-न्हाणीत दोन्ही बाजूंना धरायला पक्कं काहीतरी हवं. दुसऱ्यांदा पडली तर अवघड. कमोड बसवून झाला. दांडे राहिले.

दादाचा नांदेडहून फोन. "एकोणीस तारखेला येतो आणि बघतो. सोय नीट नसली तर आईला माझ्याकडे विष्णुपुरीला घेऊन जाईन." चांगल्या मनानं म्हणतो, माहीत आहे. पण मागच्या वेळी त्याच्या तिसऱ्या मजल्यावर आई पंधरा दिवसांत निम्मी झाली. "बोलू कुणाशी, पाण्याच्या टाकीशी?" म्हणायची.

तेरा दिवस आहेत.

७ जाने., मंगळवार

ड्रिल मशीन घ्यायचं म्हटलं तर शाळेत सगळेच इंजिनियर निघाले. मु.अ. म्हणाले वायरचं घ्या, जन्मभर टिकतं. दादा म्हणतो बॅटरीचं घे, वायरीची कटकट नाही. त्यानं स्वतःच्या बॅटरीच्या मशीननं आजवर दोन पडदे लावलेत, त्यावर एवढं ज्ञान.

माझा विचार असा. न्हाणी अंगणाच्या टोकाला, घरापासून पंधरा पावलं. तिथं प्लग नाही, नुसता बल्ब. लाइट कधी जाईल नेम नाही. ओल्या फरशीवर वायर लोळवायची नाही. म्हणजे बॅटरी.

९ जाने., गुरुवार

घेतलं. बसस्टँडमागच्या दुकानातून. दुकानदारानं विचारलं, "हॅमरवालं देऊ का साधं?" मी म्हटलं हॅमर म्हणजे? तर म्हणे फिरता फिरता ठोकतं पण. मी लगेच, "ठोकणारं नको."

कारण आमच्या घरचा कायदा. भूकंप झाला तेव्हापासून आमच्या भिंतींना हातोडा लावायचा नाही. एक खिळासुद्धा नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं, बुद्धाची तसबीर कपाटावर टेकवलेली, घड्याळ टीव्हीवर. एकतीस वर्षं झाली त्या पहाटेला. गल्लीत सगळ्यांनी नवी घरं बांधली, भिंती भरून फोटो लावले. आईचा कायदा तसाच. मी हसते त्यावर, पण मोडला नाही कधी. बॅटरीचं, न ठोकणारं मशीन म्हणजे कायद्यात बसतं, असा मी माझ्यापुरता निकाल लावला.

मशीन हलकं आहे. हातात घेतल्यावर बरं वाटलं.

११ जाने., शनिवार

हौस फिटली.

अर्धी शाळा करून दोनला सुरुवात. खडूनं खुणा केल्या. गिलावा लोण्यासारखा गेला, मी खूश. मग लागला काळा दगड. बिट नुसतं जागच्या जागी फिरून राहिलं. हातानं दाबलं, खांद्यानं दाबलं, शेवटी पोट लावलं. टोक निळं पडलं, जळका वास आला. मग बॅटरी बसली. तास-दीड तास चार्जिंग. पुन्हा तेच. दुसरी खूण, तिथंही दगड.

संध्याकाळपर्यंत दोन खड्डे. करंगळीचं नख मावेना एकात. मशीनला ज्या शिव्या दिल्या त्या वर्गात दिल्या असत्या तर मेमो मिळाला असता.

आईला फोनवर बोलता बोलता सांगून बसले. "न्हाणीच्या भिंतीला मशीन लावलीस?" "जराशी." मग म्हणाली, "जेवलीस का?" तेवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१२ जाने., रविवार

सलीमभाईंना बोलावलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सुतारकाम. आमच्या घराची दारं त्यांच्या वडिलांनी केलेली, आईला ते चाची म्हणतात. माझं मशीन उलटंसुलटं करून बघितलं.

"स्क्रू कसायला ए-वन हाय. दगडाला काहून लावलं, रेखाबाई?"

"मग दगडाला काय लावायचं?"

"वायरवालं, हॅमरवालं. माझं हाय की, देतो." मग भिंतीवर बोटांनी टकटक केलं, दोन-तीन जागी, कान लावून. "पण या भिंतीला न्हाई. आत दगड आन् माती हाय, वरून नुसतं सिमेंट फासलंय. हॅमर लावला की आतलं ढिलं होणार. दांडा बसंल, पण चाचीनं अंग टाकलं की भिंत घेऊन खाली येईल."

म्हणजे आईचा कायदा बरोबर होता. एकतीस वर्षं मी शहाणी हसून राहिले. लाज वाटली, खरं सांगायचं तर रागही आला, कुणाचा ते कळेना.

सलीमभाईच म्हणाले, "भिंत सोडा. खालून घ्या." जमिनीतून उभे पाईप, वर आडवा दांडा. कमोडच्या डावी-उजवीकडे एकेक. भिंतीचा संबंधच नाही. पाच मिनिटांत माणसानं माझा आठवडा वाचवला. पाईपांच्या बुडाच्या लोखंडी पाट्यांना दोन्हीकडे मिळून आठच भोकं, पण जमिनीत.

१४ जाने., मंगळवार

वेल्डिंगवाला म्हणाला उंची सांगा. मावशीला फोन केला, आईच्या मनगटापर्यंतची उंची मोज. मावशीकडे टेप नाही, तिनं वितीनं मोजून सांगितलं. मावशीची वीत म्हणजे चिमणीची उडी. मग स्वतःच गेले लातूरला, एसटीनं, टेप घेऊन.

आईला वॉकर धरून उभं केलं. "काय शिंपिणीगत माप घेऊन राहिलीस?" म्हणाली. हडकली आहे. बसताना माझा दंड असा धरला की बोटं उठली.

मावशी चहाला आत गेली तेव्हा हळूच विचारलं, "दादा नेतो म्हणतोय ना मला?"

"म्हणतोय."

"मला माझ्या घरी यायचंय, रेखे. त्याला वाईट वाटंल म्हणून मी बोलत न्हाई."

येताना गाडीत उभं राहावं लागलं. माप तळहातावर लिहून घेतलं होतं, घामानं जाऊ नये म्हणून मूठ उघडी धरली.

१६ जाने., गुरुवार

रजा टाकली. सलीमभाईंचं वायरचं मशीन आणलं. धोंडा उचलल्यासारखं जड. स्वयंपाकघरातून वायर ओढली, न्हाणी काल रात्रीपासून कोरडी ठेवली होती, पायात रबरी चप्पल. सगळं मांडलं आणि अकराला लाइट गेली. तीनला आली. चार तास त्या मशीनकडे बघत बसले. बॅटरीचं कपाटात पूर्ण चार्ज होऊन पडलेलं, त्याचा इथं उपयोग नाही.

तीनला पहिलं भोक. दात वाजले, कोपरापर्यंत झिणझिण्या. आणि शहाबादी फरशी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली.

तिथंच कमोडवर बसून रडले. बिनधास्त, मोठ्यानं. बघायला कोण होतं.

सलीमभाईंनी येऊन बघितलं. "हॅमर चालू ठेवूनच फरशीत घुसलात? आधी हॅमर बंद, नुसतं फिरवायचं. फरशी पार झाली, खालचा कोबा लागला, की मग चालू." हे मशीन देताना सांगायला काय झालं होतं त्यांना. "मी करून देऊ?" म्हणाले. नको म्हटलं. दुसरं भोक मी केलं, त्यांच्यासमोर. फरशीला चरासुद्धा नाही. खाली कोब्यात चार इंच सरळ.

१८ जाने., शनिवार

उरलेली सहा भोकं काल आणि आज. बोल्ट बसले, पाट्या बसल्या, पाईप उभे. तडकलेल्या फरशीत सिमेंट भरलं. ते दिसतं, दिसू दे.

दुपारी लाइट गेली तेव्हा बॅटरीचं मशीन बाहेर काढलं आणि न्हाणीचं दार उलटं केलं. आत उघडायचं, आता बाहेर उघडतं. आई आत पडली आणि दाराला आडवी झाली तर दार उघडणार कसं, हे लातूरहून येताना एसटीत सुचलं. बिजागऱ्या काढणं, चौकटीच्या दुसऱ्या अंगाला लावणं, सगळं तासाभरात. या कामाला ते मशीन सोन्यासारखं. सलीमभाईंना दाखवलं तर म्हणाले, "दोन्ही लागतात, रेखाबाई. कुणालाच नावं ठेवायची न्हाईत."

हाताला फोड आले आहेत. खडू धरवत नाही. झकास वाटून राहिलंय.

१९ जाने., रविवार

दादा आला. नव्वद किलोचा माणूस दांड्यावर लोंबकळला, अक्षरशः. काही हललं नाही. फरशीचा तडा बघितला, दार उघडून-मिटून बघितलं. "तू केलंस हे?" तीनदा विचारलं.

मग जेवताना म्हणाला, "दांडा आहे गं. पण दहा ते पाच माणूस कुठं आहे?"

याला माझ्याकडे मशीन नाही. सलीमभाईंच्या घरून दुपारी बारा-एकला भाभी डोकावून जाणार आहेत, ते सांगितलं. तेवढ्यानं त्याचं समाधान नाही, आणि त्याचंही बरोबर आहे, आई त्याचीही आहेच की. शेवटी म्हणाला, "एक महिना बघू. एकदा जरी पडली, तर मग मी कुणाला विचारणार नाही." मी बरं म्हटलं.

२२ जाने., बुधवार

आई आली. गल्लीतल्या बाया जमल्या, तासभर कुणी हलेना. सगळे गेल्यावर म्हणाली, चल, दाखव.

वॉकर टेकत पंधरा पावलं. मध्ये दोनदा थांबली. दांडा धरला, हलवला, पुन्हा हलवला. कमोडवर बसून उठून बघितलं. उठली, एकटी, दांड्याच्या जोरावर. माझा हात पुढे होता, तिनं धरला नाही. भिंतीतले माझे दोन खड्डे बघितले, त्यांवरून बोट फिरवलं.

मग दाराकडे बघून, "कडी कुठंय?"

कडी मी मुद्दाम परत लावली नव्हती. सांगितलं. तू आत, मी शाळेत, भाभी आल्या आणि तू पडलेली असलीस तर आत येणार कसं.

"कडी लाव."

"आई, ऐक."

"कडीबिगर मी न्हाणीत जात न्हाई."

२५ जाने., शनिवार

तीन दिवस झाले. जाते, पण मला बाहेर पाठ करून उभं करते आणि तरी आतून ओरडते, "लांब हो." दोन वेळचं पाणी कमी प्यायला लागली, म्हणजे जायला लागू नये. तो प्रकार आज लक्षात आला.

दादाला फोनवर सांगितलं. भडकला. "कडी लावलीस तर मी उद्याच येतो न्यायला." सलीमभाईंनी बाहेरून स्क्रूड्रायव्हरनं उघडता येईल अशी कडी आणून दाखवली. आईनं बघितली. "बाहेरून उघडती ती कडी कशाची, भाई?" सलीमभाईंनी ती परत खिशात घातली.

संध्याकाळी अंगणात बसलो होतो. आपणहून बोलायला लागली. न्हाणी बांधायच्या आधी पोत्याच्या आडोशाला अंघोळ, लुगड्यासकट. वाटेनं कोणी आलं की अंग चोरून बसायचं, ओलं, माणूस जाईपर्यंत. दुसऱ्याच्या रानात खुरपून मिळालेल्या पैशांतून पहिल्यांदा तिनं कडी घेतली. बाजारातून, पितळी. भिंतीला पैसा नव्हता, दार नव्हतं, काही नव्हतं. वर्षभर कडी पेटीत ठेवली. मग डोक्यावर दगड आणून भिंती घातल्या. मी तेव्हा पहिलीत. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्या कडीला स्क्रूच्या डब्यात टाकलं होतं.

२७ जाने., सोमवार

सकाळी सातला लावली. तीच पितळी. बॅटरीचं मशीन, चार स्क्रू, दोन मिनिटं. दादाला कळवलं नाही. विचारेल तेव्हा खोटं बोलणार नाही.

नऊला आई आत गेली. दार ओढलं. कडी बसल्याचा आवाज आला. मी पर्स खांद्याला लावून अंगणात उभी. आतून पाण्याचा आवाज, मग काही नाही. बराच वेळ काही नाही. हाक तोंडाशी आली होती.

"अजून गेली न्हाईस व्हय? एसटी जाईल," आतून म्हणाली.

मी गेले.

आता गाडीत लिहून राहिले. माझ्या शाळेचं शिरूर यायला वीस मिनिटं आहेत. फोन हातात आहे, घरी केलेला नाही.